शि, त्सु, सो, न: काताकाना पुन्हा पुन्हा का पुसला जातो

रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर मी पाच-सहा जणांना जपानीची सुरुवात करून देतो. दर तुकडीत साधारण तिसऱ्या महिन्यात एक तक्रार येते आणि तिचे शब्दसुद्धा ठरलेले असतात: "दादा, काताकाना झाला होता हो, पण परत गेला." (काताकाना म्हणजे जपानीच्या दोन अक्षरमालांपैकी एक, दुसरी हिरागाना.) मग वही पुढे येते. प्रत्येक अक्षर वीस-वीस वेळा गिरवलेलं, अगदी सुबक. तक्ता म्हणायला सांगितला तर 'आ इ उ ए ओ'पासून धडाधड, एकही चूक नाही. आणि चॉकलेटच्या वेष्टनावरचा एक शब्द समोर धरला की तिसऱ्या अक्षराला गाडी बंद.

मी हसत नाही, कारण मी स्वतः हा काताकाना तीनदा शिकलोय. एकदा क्लासमध्ये, एकदा एन-५ या जपानीच्या सगळ्यात सोप्या पातळीच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, आणि तिसऱ्यांदा जपानमधल्या एका दुकानात, हातात भाताचा त्रिकोणी गोळा घेऊन. वेष्टनावर 'शीचिकिन' लिहिलं होतं. मी 'शि'चा 'त्सु' केला, शेवटच्या 'न'चा 'सो' केला, आणि 'त्सूचिकिसो' ही इकडची कुठलीतरी भाजी असणार अशी स्वतःची समजूत घालून पैसे दिले. आत ट्यूना मासा. घरी कांदा-लसूणही जपून खाणाऱ्या माणसाला दोन अक्षरं किती महाग पडू शकतात ते त्या दिवशी कळलं.

पुढे वाचण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. या लेखात एकही जपानी अक्षर मुद्दामच दिलेलं नाही. मी अक्षराचं नाव घेईन, आकार तुम्ही काढायचा. अडलात तर तक्ता बघा, पण कुठे अडलात ते समासात टिपून ठेवा. ती यादी शेवटी लागणार आहे.

बिघडलंय नेमकं काय?

'काताकाना येत नाही' या एका वाक्याखाली निरनिराळी दुखणी असतात. चार शब्द लिहून बघा: शात्सु (शर्ट), मारासोन (मॅरेथॉन), पासोकोन (कॉम्प्युटर), शीत्सु (चादर). आता कागद उलटा करून ठेवा आणि तासाभराने स्वतःचंच अक्षर वाचा.

लिहितानाच पेन्सिल हवेत थांबली असेल तर आकार आठवत नाही, म्हणजे वाचण्यापुरती ओळख आहे आणि हाताला सवय नाही. लिहिलं खरं, पण तासाभराने 'हा सो की न?' असं झालं, तर चार अक्षरांच्या गोंधळाचं दुखणं. आणि अक्षरं सगळी बरोबर वाचली, 'पा-सो-को-न' असं म्हटलंसुद्धा, पण हा कॉम्प्युटर आहे हे डोक्यात पेटलंच नाही, तर तिसरंच. बहुतेकांना दुसरं आणि तिसरं दोन्ही असतं, आणि उपाय मात्र पहिल्यावरचा चालू असतो: आणखी वीस वेळा गिरवा.

विसरण्याचं कारण साधं आहे. हिरागाना वाक्यावाक्यात भेटतो. काताकाना सुरुवातीच्या पुस्तकात तुरळक येतो, कारण आता त्याच्याकडे परक्या भाषांतून आलेले शब्द, परदेशी नावं, आवाजांचे शब्द, प्राणी-वनस्पतींची नावं आणि जोर देण्यासाठीचे शब्द एवढीच खाती उरली आहेत. पूर्वी असं नव्हतं. १८८९ची मेइजी राज्यघटना कांजी (चिनीतून आलेली चित्रासारखी अक्षरं) आणि काताकानात लिहिलेली आहे, आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत जपानी मुलं शाळेत आधी काताकानाच शिकत. आज क्लासमध्ये हिरागानाला दोन आठवडे मिळाले तर काताकानाला एक मिळतो आणि लगेच कांजी डोक्यावर येऊन बसते. वापर नाही म्हणून गंज चढतो.

आपल्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. तक्त्याच्या ओळी बघा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतं ना? क-वर्ग, च-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग आणि मग य-र-व. संस्कृतच्या अभ्यासासाठी बौद्ध भिक्षूंनी सिद्धम लिपी जपानात नेली आणि तिच्या वर्णक्रमाचा ठसा या तक्त्यावर उमटला. 'हा' प-वर्गाच्या जागी का, तर जुन्या जपानीत त्याचा उच्चार 'पा' होता. त्यामुळे हा तक्ता मराठी माणसाच्या तोंडात दोन दिवसांत बसतो, आणि तिथेच घात होतो. 'सा शि सु से सो' म्हणताना चौथ्यानंतर पाचवं येणारच, डोळे मिटूनही. म्हणणं आलं, ओळखणं आलंच नाही. म्हणून पहिला नियम: तक्ता क्रमाने म्हणायचा नाही. आजपासून बंद.

चौघांचं भांडण

शि, त्सु, सो आणि न. जगभरचे शिकणारे इथेच आपटतात, पण मराठी डोळ्याला ही चौकडी सोडवायची एक सोपी किल्ली आपल्याकडे आयती आहे: शिरोरेषा.

त्सु आणि सो शिरोरेषेला टांगलेले आहेत. वर एक अदृश्य रेघ कल्पा. 'त्सु'चे दोन छोटे फटकारे त्या रेघेवरून शेजारी-शेजारी खाली लोंबतात, 'सो'चा एकच लोंबतो, आणि लांब फटकारा उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू होऊन डावीकडे खाली घसरतो. शि आणि न यांना शिरोरेषा नाही, ते डाव्या भिंतीला टेकून बसलेत. 'शि'चे दोन छोटे फटकारे भिंतीलगत एकाखाली एक, 'न'चा एकच, आणि लांब फटकारा डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघून उजवीकडे वर चढतो. टांगलेले दोघे घसरतात, टेकलेले दोघे चढतात. छोटे फटकारे दोन की एक, हा पुढचा प्रश्न.

हे वाचून 'कळलं' म्हणू नका. आत्ता काढा, प्रत्येकी तीनदा, आणि लांब फटकाऱ्याला जरा वेग द्या. पेन्सिल टेकते तिथे रेघ जाड उमटते आणि उचलते तिथे बारीक होत जाते. शिचं बारीक टोक वर उजवीकडे, त्सुचं खाली डावीकडे. छापील अक्षरातही हे दिसतं, पण सगळ्या टंकांत नाही. फोनवर असतो तो गोथिक वळणाचा टंक, त्यात रेघ सगळीकडे सारखीच जाड, म्हणून गोंधळ वाढतो. मिंचो वळणाच्या टंकात, किंवा शाळेच्या पुस्तकांसाठी असलेल्या क्योकाशोताई टंकात रेघेची सुरुवात-शेवट स्पष्ट दिसतो. पहिले काही आठवडे सराव अशाच छपाईवर करा.

बहुतेकांची अक्षरं बिघडतात ती दुरेघी वहीमुळे. दोन रेघांत लिहायला लागलं की लहानपणीची सवय जागी होते आणि हात प्रत्येक अक्षर वरच्या रेघेला लटकवतो. मग शिसुद्धा वर सरकतो आणि थेट त्सु होतो. काताकानाचं अक्षर रेघेवर बसत नाही की लटकत नाही, ते घरात मधोमध बसतं. यासाठी आपली गणिताची चौकटीची वही घ्या आणि चार चौकटी मिळून एक मोठं घर धरा. मधे आपोआप फुली पडते. जपानी मुलांच्या सरावाच्या वहीत घराच्या मधोमध अशीच तुटक रेघांची फुली असते. आता शिचे दोन्ही छोटे फटकारे फुलीच्या डाव्या बाजूला राहायला हवेत, त्सुचे वरच्या बाजूला. स्वतःची वही स्वतःला तपासता येते, मास्तर लागत नाही.

उच्चाराचंही जाता जाता सांगतो, कारण नाव पक्कं असलं की आकार चिकटतो. 'त्सु' म्हणताना हिंदी बोलणाऱ्या मित्रांची बरीच ओढाताण होते. आपल्याला तो जन्मतः येतो: 'चूक'मधला, 'चूल'मधला 'चू'. 'चमचा'तला च म्हणता येणाऱ्या माणसाने 'सु' म्हणून वेळ मारून नेऊ नये. आणि 'न' हे अक्षर म्हणजे चक्क आपला अनुस्वार. अंबा, अंग, अंत यांत अनुस्वार पुढच्या अक्षराकडे बघून जसा आवाज बदलतो तसाच तोही बदलतो. 'शिंपुरु'मध्ये म्, 'इंकु'मध्ये ङ्, 'इंदो'मध्ये न्. म्हणून मी त्याला वर्गात 'न' म्हणतच नाही, 'टिंब' म्हणतो. ना-ओळीतल्या 'ना'शी होणारा गोंधळ तेवढ्यानेच निम्मा होतो.

सरावाला सुटी अक्षरं नकोत. चौघांतले किमान दोघे एकत्र येतील असे शब्द घ्या, म्हणजे दोघांमधला फरक करावाच लागतो: शात्सु, शीत्सु, शीसो (सी-सॉ), मारासोन, पासोकोन, गासोरिन (पेट्रोल), मिशिन (शिवणयंत्र, मूळ शब्द 'मशीन'च). शिवाय चार देश खुंटीसारखे ठोकून ठेवा: रोशिआ, दोइत्सु (जर्मनी), सोमारिआ, इरान. 'हा कोणता?' असं झालं की मनात त्या देशाकडे जायचं. मला अजून कधीकधी दोइत्सुला जावं लागतं.

बाकीची भावकी

फु हा एका मोठ्या घराण्याचा मूळपुरुष. एकाच रेघेत काढायचा: आडवी, मग वळून डावीकडे खाली. त्याच्या डोक्यावर वेगळी आडवी रेघ ठेवली की रा. खालून उजवीकडे पाय फुटला की सु. त्याच जागी रेघेने फु-ची शेपटी कापली की नु. डाव्या बाजूला छोटी उभी भिंत दिली की वा, आणि वा-च्या टाळूवर शेंडी उभी केली की उ. भिंत उभी न ठेवता डावीकडे तिरकी पसरली की कु, कु-च्या पोटात एक रेघ घातली की ता. एवढं एका बैठकीत ओळीने काढून बघा. सुटी सुटी आठवताना जी आठ अक्षरं डोकं खातात, ती एका कुटुंबाची म्हणून लगेच बसतात.

उरलेल्या जोड्या झटपट. चि आणि ते: 'चि'ची उभी रेघ आडव्या रेघेला भेदून वर जाते, 'ते'ची खालीच सुरू होते. को आणि यु: 'यु'ची तळरेघ उजवीकडे बाहेर डोकावते. आ आणि मा: 'आ'ची शेपटी लांब, डावीकडे, 'मा'ची आखूड, उजवीकडे. 'हे' आणि 'रि' ही दोन अक्षरं हिरागाना आणि काताकाना दोन्हींत जवळपास सारखी आहेत, त्यांवर वेळ घालवू नका.

वरच्या कोपऱ्यातल्या खुणांनी मात्र चांगल्याचांगल्यांना फसवलंय. 'हा'वर दोन टिचक्या म्हणजे बा, छोटं वर्तुळ म्हणजे पा. फोनच्या पडद्यावर दोन्ही सारखेच ठिपके दिसतात. अक्षर मोठं करून बघा, लाज कसली. बा-पा सोडा, का-गा मध्येही जपानी माणसंसुद्धा चुकतात: 'आबोकादो' (अॅव्होकाडो) हे बरोबर, पण 'आबोगादो' म्हणणारे आणि लिहिणारे भरपूर भेटतात.

अक्षरं येतात, शब्द येत नाही

हे सगळ्यात चिवट दुखणं, आणि गिरवून ते मुळीच जात नाही. 'माकुदोनारुदो' हे पाच वेळा वाचूनही मॅकडोनाल्ड न दिसणं म्हणजे डोळ्याचा दोष नाही. जपानीत टिंब सोडलं तर व्यंजनाला एकट्याने उभं राहता येत नाही, स्वराचा टेकू लागतो. म्हणून 'बस'चं 'बासु' होतं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपण 'राम' लिहितो आणि 'राम्' म्हणतो. शेवटचा अ कागदावर आहे, तोंडात नाही, आणि तो गाळायला आपल्याला कोणी शिकवावं लागलं नाही. तोच हात इथे चालवा: शब्द ओळखताना उ गाळून बघा. बासु, बस्. काप्पु, कप्. शिंपुरु, शिंपर्... आणि इथे दुसरी अडचण येते, ती म्हणजे र. ल आणि र दोन्हीला एकच ओळ, म्हणून र वाचला की ल घालूनही बघायचं: सिंपल. 'राइतो' म्हणजे लाइटही आणि राइटही. कुठला ते आजूबाजूच्या वाक्यावरून.

टेकू म्हणून नेहमी उ, पण त आणि द यांना ओ. कारण 'त'ला उ जोडायला गेलं तर ओळीतला त्सु येईल आणि सगळाच विचका होईल. म्हणून 'बेड'चं 'बेद्दो'. च आणि ज यांना इ: 'बेंच'चं 'बेंचि', 'ऑरेंज'चं 'ओरेंजि'. एवढं लक्षात ठेवलं की उलटं सोडवणं जमायला लागतं. फक्त बोलताना उ गाळू नका. ही युक्ती ओळखण्यापुरती आहे. दुकानात जाऊन 'बस्, कप्' केलंत तर समोरच्याला काही कळणार नाही.

दीर्घाची आडवी रेघ हा आपला दुखरा भाग. 'दिन' आणि 'दीन' यांत फरक न करता आयुष्य काढलेले आपण ती रेघ सहज गाळतो. बिरु म्हणजे इमारत, बीरु म्हणजे बिअर. उभ्या लिखाणात ही रेघ उभी होते आणि आपल्या पूर्णविरामाच्या दंडासारखी दिसते, तेव्हा नवखा माणूस तिथे वाक्य संपलं म्हणून थांबतो.

छोटा त्सु म्हणजे पुढच्या व्यंजनाचं द्वित्त, आपल्या 'पक्का', 'सच्चा'सारखं. आणि छोटे या-यु-यो म्हणजे जोडाक्षर, फक्त उलट्या बाजूने: देवनागरीत पहिलं अक्षर अर्धं होतं, इथे दुसरं लहान होतं. किती लहान? चार चौकटींच्या घरात खालच्या डाव्या चौकटीत मावेल एवढं. उभं लिहिताना वरच्या उजव्या चौकटीत. 'शात्सु'मधला छोटा 'या' मोठा झाला तर 'शियात्सु' होतं, आणि ऐकणाऱ्याला वाटेल तुम्हाला शर्ट नको, बोटांनी दाबून करतात ते शिआत्सू मालिश हवंय.

इतकं करूनही काही शब्द उघडणार नाहीत, कारण ते इंग्रजी नाहीतच. 'पान' या शब्दाशी माझे एक विद्यार्थी अर्धा तास झगडले, 'फ्राइंग पॅन' धरून. तो पोर्तुगीज आहे, आणि आपला 'पाव' ज्या शब्दावरून आला त्याच शब्दावरून तोही आला. टोस्टचा पाव जपानात, मिसळीचा पाव कोल्हापुरात, मूळ एकच. 'अरुबाइतो' म्हणजे फावल्या वेळची नोकरी, मूळ जर्मन. 'बीरु' आणि काचेचा 'गारासु' डच व्यापाऱ्यांबरोबर आले. आणि काही शब्द इंग्रजी असूनही दगा देतात. 'मान्शोन' म्हणजे हवेली नाही, साधा फ्लॅट. 'होमु' दीर्घ ओने लिहिलेलं स्टेशनवर दिसलं तर तो प्लॅटफॉर्म. 'सुतोराइकु' बेसबॉलमधला, 'सुतोराइकि' कामगारांचा संप. एकाच इंग्रजी शब्दाची दोन पोरं. असे शब्द सोडवत बसू नका, पाठ करा.

स्वतःचं नाव

काताकाना शिकलेला प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी स्वतःचं नाव लिहितो आणि तिथेच वैतागतो. ळ, ण, ट, ठ, ध यांचं काय करायचं? काही नाही. ळ आणि ल दोन्ही रा-ओळीत, ट आणि त दोन्ही ता-ओळीत, महाप्राण गेला. हट्ट सोडा. 'अमित'ला ओ लागणार, म्हणजे 'अमितो' किंवा 'अमित्तो'. 'व'ला बा-ओळ घ्या किंवा उ-ला दोन टिचक्या देऊन केलेला व. हा दुसरा व जपानी लोकांच्या तोंडात तसा बा-च होतो. सरकारनेसुद्धा २०१९ साली काही देशांच्या अधिकृत जपानी नावांतून तो काढून टाकून बा-ओळ घेतली.

दीर्घ रेघ मात्र विचार करून ठेवा. आडनाव 'काळे' असेल तर रेघ 'का'नंतर, म्हणजे 'कारे'. चुकून ती 'रे'नंतर गेली तर जपानीत त्याचा अर्थ करी. काळे यांची आमटी होते.

आणि एकदा ठरवलेलं बदलू नका. जपानमध्ये बँकेत खातं उघडताना नावाचा उच्चार काताकानात द्यावा लागतो, आणि एका ठिकाणी 'अमितो', दुसऱ्या ठिकाणी 'अमित्तो' असं असलं की पगार जमा होताना अडतो. माझा एकदा अडला होता, चूक माझीच होती. बँकेच्या पासबुकात तेच नाव बारीक, निम्म्या रुंदीच्या काताकानात छापून येतं. त्यात दोन टिचक्यांनाही स्वतंत्र घर मिळतं, म्हणून आपलंच नाव जास्त अक्षरांचं दिसतं. घाबरू नका.

रस्त्यावरचे तोतये

काताकाना हा कांजीचेच तुकडे तोडून झाला. नवव्या शतकात भिक्षू चिनी ग्रंथांच्या ओळींमध्ये वाचनाच्या खुणा लिहीत, जागा अपुरी, म्हणून अक्षराचा एक भागच लिहायचा. 'काता' म्हणजे भाग, तुकडा. या नात्यामुळे काही अक्षरं आणि काही कांजी हुबेहूब सारखी दिसतात: का आणि 'ताकद'ची कांजी, रो आणि 'तोंड'ची, नि आणि 'दोन'ची, ए आणि 'बांधकाम'मधली. रस्त्यात 'काम चालू' अशी पाटी दिसली की माझ्या तुकडीतलं कोणीतरी पहिलं अक्षर 'ए' वाचतंच. इलाज एकच: शेजारी बघा. शेजारी कांजी असेल तर हीही कांजीच. एकटंदुकटं काताकाना अक्षर कांजींच्या घोळक्यात सहसा उभं राहत नाही.

मग रोज करायचं काय

देवनागरीत उच्चार अक्षराखाली लिहिणं बंद. हे ऐकून सगळे नाराज होतात. देवनागरीत जपानी उच्चार फार नेमके लिहिता येतात, म्हणूनच ती कुबडी सुटत नाही; डोळा थेट खालच्या ओळीवर जातो आणि वरचं अक्षर नुसतं चित्र म्हणून राहतं. लिहायचंच असेल तर पानाच्या मागे लिहा.

समासातली यादी आता काढा. बहुतेकांची सहा-सात अक्षरांची असते, ४६ची कधीच नसते. तेवढ्याच अक्षरांचे शब्द घ्या, दिवसाला पाच, आठवणीतून लिहा, दुसऱ्या दिवशी स्वतःचंच वाचा. मग एक दिवस सोडून, मग चार दिवसांनी. सात मिनिटांच्या वर बसू नका. वाचायला जगाचा जपानी नकाशा सगळ्यात उत्तम, कारण उत्तरं आधीच माहीत असतात: नेपारु, सुरिरांका, बुराजिरु, आणि आपलं मुंबाइ. शाकाहारी असाल तर जपानी खाऊच्या पाकिटामागची घटकांची यादी. स्वार्थ असला की डोळा नीट बघतो. 'पोकु', 'चिकिन', 'रादो' (डुकराची चरबी), 'एकिसु' (अर्क) हे आधी शिका.

लिहायला हवंच का, परीक्षेत तर नुसती खूण करायची असते, असं दर तुकडीत कोणीतरी विचारतं. खरं आहे, त्या परीक्षेत लिहावं लागत नाही. पण ही चौकडी हाताने सोडवल्याशिवाय डोळ्याला सुटलेली मी तरी पाहिलेली नाही. चौकटीची वही एक पुरते.

गेल्या रविवारी कोणीतरी जपानहून आणलेल्या जेलीच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर फिरत होती. मी एक तोंडाजवळ नेली, तेवढ्यात तिसऱ्या महिन्यातली मुलगी पाकिटाच्या मागे बोट ठेवून अडखळत म्हणाली, "दादा, झे-रा-चि... टिंब. झेराचिन. म्हणजे जिलेटिन ना?" मी गोळी परत पिशवीत ठेवली.